बोडमेटा स्टेशन बंद

९ मे

सकाळी गच्चीवरची एरियलची तार पुसली. सिमेंटची एवढी धूळ बसते की तार आहे का सुतळी तेच कळत नाई. घुग्घुसमध्ये राहायचं तर हे आलंच. उतरताना गुडघ्यानं जीव काढला. प्रज्ञा शिडी धरून उभी. म्हणे, बाबा, सत्तर झाले, आता पुरे करा हे खूळ. अडुसष्ट, म्हणलं. पोरगी शाळेत विज्ञान शिकवते आन बापाचं वय मोजता येत नाई.

साडेअकराले हजेरी. आम्ही पाच हौशी रेडिओवाले म्हातारे, पाच गावचे. शुगर, बीपी, नातवंडं, कोणाच्या गावी किती ऊन. कामाचं एक वाक्य नसते. तरी प्र.ची आई गेल्यापासून हा अर्धा तास चुकवला नाई.

११ मे

आज अजबच झालं. जबलपूरवाला आपल्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगत होता, सांगता सांगता विझला. अकोल्याले हाक दिली, नाई. नांदेडले दिली, नाई. वाटलं आपलाच सेट बसला. केबल बघितली, फ्यूज बघितला. सगळं ठीक.

आन खरखरही नाई. मे महिन्यात सात मेगाहर्ट्झवर खरखर नाई असं होतच नाई, कुठीतरी ढग कडकडत असतातच. आज कान लावून बसलो तर धुतल्यासारखं साफ. पाऊण तासानं एकेक आवाज परत आला. नांदेडवाला म्हणे, सूर्यावर मोठा भडका उडाला, बातम्यांत येऊन राह्यलं, सौर वादळ. सगळे खूश, जसं काही जत्रेत पाळण्यात बसून आले.

मी सेट बंद केला. ताट वाढलेलं होतं, दोन घास खाऊन उठलो. हे साफपण मी एकदा आधी ऐकलं आहे.

१२ मे

प्र.ले विचारलं. परीक्षेतल्या पोरासारखं गप ऐकून घेतलं. वर हवेत एक थर आहे, त्याच्यावर आपटून आपला आवाज डोंगरापलीकडे उतरतो. सूर्य भडकला की त्याच्या खालचा थर घट्ट होतो आन आवाज गिळून टाकतो. जाताना गिळतो, येताना गिळतो. लांबच्या विजांची खरखर त्याच वाटेनं येते, म्हणून तीही गिळतो. फक्त दिवसा, उन्हाच्या बाजूले.

"म्हणजे साफ ऐकू येत नसते बाबा. तेव्हा काहीच ऐकू येत नसते."

हे मी नोकरी संपल्यावर हौशी रेडिओच्या लायसनच्या परीक्षेले पाठ केलं होतं. दोन मार्काचं होतं. खरं लिहू? तेव्हाही बोडमेटा मनात येऊन गेलं होतं. पान उलटलं न पुढचा धडा घेतला.

१३ मे

पेटीतून जुन्या रोजनिश्या काढल्या. झुरळांनी कडा खाल्लेल्या. बावीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट.

तेव्हा एटापल्लीच्या पुढं जंगलातल्या दवाखान्यात मी वायरलेस ऑपरेटर. दवाखाना आता राह्यला नाई, इमारतीत शेळ्या बसतात म्हणतात. तेव्हा फोन नव्हते. सात गावांत सात सेट, गावागावात एक आरोग्यसेवक. रोजची पाळी ठरलेली, बाकी सहा गावांची सकाळी, बोडमेट्याची पावणेबाराले. बोडमेट्याचा पुसू मडावी. त्याले सेट मीच शिकवला. बटन दाबून आधी श्वास घे, मग बोल. बटन सोडल्याशिवाय माझा आवाज येणार नाई. आठ दिवसांत शिकला. मराठी तेव्हा त्याले जेमतेम यायची. "पुसू बोलतो, ऐकतो का दादा" एवढं झकास म्हणायचा.

त्या दिवशीचं माझ्या अक्षरात असं आहे: "११.४५ नाही. १२ ला नाही. १२.१५ ला नाही. १२.३० ला नाही. रिसेप्शन एकदम साफ. बोडमेटा स्टेशन बंद."

त्या दिवशी बोडमेट्याची सोमरी अडली होती, पहिलं बाळंतपण. पुसू म्हणे, बारा वाजायच्या आधीपासून हाका मारल्या, होडी पाठवा म्हणून. होडी दवाखान्याच्या काठाले बांधलेली असायची. उत्तर नाई म्हणून गावानं तिले खाटेवर टाकून नदीपर्यंत आणलं. पलीकडे कोणीच नव्हतं. काठावरच गेली, बाळासकट.

चौकशीत डॉक्टरनं मले विचारलं. म्हणलं, आवाज साफ होता, तो बोलला असता तर आला असता. दवाखान्याची नोंदवही दाखवली, हीच ओळ तिच्यातही होती. पुसूले काढून टाकलं. सेट लावलाच नाई न खोटं बोलतो, असं ठरलं. मी ठरवलं. "रिसेप्शन एकदम साफ" या तीन शब्दांनी.

१५ मे

प्र.नं कॉम्प्युटरवर जुनी यादी शोधली. सूर्याचे भडके तारीखवार मांडून ठेवलेले असतात म्हणे, मोजणारे लोक आहेत. तिनं माझ्या रोजनिशीतली तारीख टाकली. मी मागं उभा. हात खिशात.

आहे. मोठा भडका. आपल्या घड्याळानं ११.४० ले सुरू, पावणेएकपर्यंत उतार.

आधी आनंदच झाला, लाज वाटते लिहायले. वाटलं, सुटलो. मी नव्हतो, सूर्य होता. मग प्र.नं वळून माझ्याकडं बघितलं. म्हणे, त्या माणसाले कोणी सांगतलं का हे?

१७ मे

सकाळी बुद्धवंदना. पंचशील म्हणताना चौथ्यावर अडकलो. खोटं न बोलण्याचं. पन्नास वर्षं घडाघडा म्हणून राह्यलो, आज जीभच उचलेना.

मी खोटं तर नव्हतो बोललो. जे ऐकलं ते लिहिलं. प्र.ले हेच सांगतलं. ती कणीक मळत राह्यली.

जायचं का? गुडघा. ऊन शेहेचाळीस. शिवाय एवढ्या वर्षांनी जखम उकरायची म्हणजे... कारणं सुचवायले माझ्याएवढा हुशार कोणी नाई.

२० मे

चार फोन फिरवून पुसूच्या पोरीचा, मैनीचा नंबर मिळवला. गडचिरोलीले नर्स आहे. सुट्टीवर गावातच होती. मी कोण ते आधी सांगतलं नाई, जुनी ओळख म्हणलं.

बापाचं फुप्फुस गेलं आहे म्हणे. दवाखान्यातून उचलून घरी नेलं, त्यानंच हट्ट केला. घर म्हणजे गावात नाई, गावाबाहेर शेतातली झोपडी. बावीस वर्षं तिथंच. गावानं हाकललं नाई, पण सोमरीचा दगड उभा केला तेव्हा त्याचा हात लागू दिला नाई. त्या माडिया लोकांत माणूस गेलं की गाववेशीवर त्याच्या नावाचा दगड उभा करतात, सगळे मिळून वाहून आणतात. आता पुसूले एकच घोर आहे, माझा दगड कुठी लावतील. गावच्या दगडांत जागा देत नाई म्हणते सोमरीची माय, जुरूबाई. तिचा शब्द कोणी मोडत नाई.

मग मी नाव सांगतलं.

 वाटलं फोन कटला. मग म्हणे, "तुम्हीच का ते. या. मरायच्या आधी या."

२४ मे

प्र. येते म्हणत होती. नको म्हणलं. चंद्रपूरहून सकाळची आलापल्ली गाडी. आष्टीनंतर खिडकीतून पळस-मोह तेच, रस्ता मात्र काळा गुळगुळीत, लोखंडाच्या खाणीचे ट्रक लायनीनं. आलापल्लीत मुक्काम. पिशवीत जुनी रोजनिशी, यादीचा छापील कागद. सारखं चाचपून राह्यलो.

२५ मे

मैनीच्या मोटरसायकलवर मागं बसून बोडमेटा. आता नदीवर पूल आहे. पुलावर तिनं गाडी हळू केली.

पुसू बाजेवर, उशाले दोन गोणपाट. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान न माझा बाप दिसतो. जोहार केला. त्यानं ओळखलं, हात मात्र वर केला नाई.

सगळं सांगतलं. सूर्य, थर, गिळणं. कागद दाखवला. मैनी मधेमधे माडियातून समजावत होती, तसं त्याले मराठी आता चांगलं येते. तो छताकडं बघत होता. एका श्वासाले चार शब्द.

"म्हंजे मी बटन बरोबर दाबलं होतं?"

बरोबर दाबलं होतं, म्हणलं.

"मले वाटे माहीच चूक झाली असन. तू साहेब मानूस, तू म्हनतो आवाज नाई आला, तर नाई आला असन. कधी वाटे, बटन दाबलंच नाई. कधी वाटे, घाबरून उलटंच दाबलं." थांबला, खोकला. "बावीस वर्षं मी अंगठाच पाहून राह्यलो."

मी रडलो. तो नाई रडला. मैनीनं पाणी दिलं, दोघांले.

संध्याकाळी म्हणाला, हे मले नको सांगू. जुरूबाईले सांग.

२६ मे

आज नुसतं बसणं. गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, उद्या गोटूलात, गावाच्या बैठकीच्या घरात, लोक बोलावले. पुसूनं सकाळी दोनदा पेज घेतली. मैनी म्हणे पंधरा दिवसांत पहिल्यांदा. माझ्याशी आज दोन गोष्टी बोलला. घुग्घुसले कोळसा अजून निघते का? आन माझी बायको कशी आहे. गेली, सांगतलं. त्यानं मान हलवली.

२७ मे

गोटूलात तीसेक माणसं. पुसूले बाजेसकट आणलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा आत. जुरूबाई खांबाजवळ, उंच, ताठ, केस पांढरे धोप. मी बोलायचं न मैनीनं सांगायचं.

छान सांगतलं मी. ठरवून आलो होतो. हवेतला थर सांगायले भाताच्या मडक्यावरचं झाकण दाखवलं. पुसू खोटारडा नाई, त्यानं हाक दिली, माझ्यापर्यंत आली नाई, मी चुकीचं लिहिलं, माफी मागतो. पोरं वर सूर्याकडं बघत होती. गायता मान हलवत होता. वाटलं झालं.

मग जुरूबाईनं विचारलं. मैनीनं मराठीत आणलं: सूर्य किती वेळ बंद होता?

पावणेएकपर्यंत, म्हणलं.

"सोमरी दिवस मावळता गेली. पावणेएकनंतर काय झालं?"

पुसू बाजेवरून बोलला, आधी माडियात, मग माझ्याकडं बघून मराठीत. "मी तीन वाजेपर्यंत हाका मारल्या. बॅटरी मेली तेव्हा थांबलो."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी कागदाची घडी घातली, उघडली. म्हणलं, आठवत नाई, खूप वर्षं झाली.

 जुरूबाई एकच वाक्य बोलून उठली. मैनीनं ते सांगायले वेळ लावला. "मग पावणेएकनंतर तो बोलला नसन."

लोक उठले. पुसूची बाज परत शेतात नेली.

२८ मे

आलापल्ली, परतीची गाडी. पेन चालत नाई, अक्षर बघा.

आठवत नाई म्हणलं. सगळं आठवते. रोजनिशीत पुढच्याच ओळीत आहे, पिशवीत होती ती, मांडीवर. "१२.३० सेट बंद. घरी. नदीचे मासे. झोप." पावसाळ्यात सेट पाचपर्यंत उघडा ठेवायचा असा नियम होता. मी रोज मोडायचो, एक वाजताच उठायचो. स्टेशन बंद आहे तर कोणासाठी बसायचं, म्हणून त्या दिवशी लवकर गेलो. अजून पंधरा मिनिटं बसलो असतो तर आवाज आला असता. होडी निघाली असती. तीन वाजेपर्यंत कधीही बटन फिरवलं असतं तरी.

हे मी विसरलो नव्हतो. सूर्य सापडला तेव्हा केवढा आनंद झाला होता, तो याच्यासाठी. पुसूसाठी नाई. त्याले सोडवायले गेलो न स्वतःले सोडवून आलो, आन त्याले परत तिथंच ढकललं. पहिल्या वेळी चुकून. आता जाणून.

३० मे

प्र.नं विचारलं काय झालं. हो हो, सांगतलं त्यांना, म्हणलं. हजेरीले बसलो नाई. वंदना केली नाई.

१ जून

प्र.ले सांगतलं. वरण फोडणीले टाकत होती. गॅस बंद केला न तिथंच ओट्याले टेकून उभी राह्यली. मले वाटलं ओरडेल. म्हणे, आईले माहीत होतं?

आईनंच ते मासे रांधले होते. आठवड्यानं तिनं एकदा विचारलं होतं, तुमी त्या दिवशी लवकर कशे आले होते. मी ताट सरकवलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाई.

प्र. रडली. मायसाठी रडली का सोमरीसाठी का माझ्यासाठी, विचारायची हिंमत नाई झाली. वरण आज बिनफोडणीचंच.

४ जून

दुपारी मैनीचा फोन. दोनदा कटला.

पुसू अजून आहे. बोलणं जवळपास बंद, ऑक्सिजनची टाकी आणली आहे. येत्या रविवारी बी पेरण्याआधीचा त्यांचा सण, सगळा गाव जमते. गायता त्या दिवशी शेवटचं विचारणार, पुसूचा दगड गावात का बाहेर. जुरूबाई अजून नाईच म्हणते.

म्हणलं, पुसू माझ्यावर रागावला असन.

 मैनी म्हणे, बाबानं एक निरोप दिला आहे, जसा दिला तसा सांगते. "दादाचा सेट रोज एक वाजता बंद व्हायचा. मले तेव्हाच माहीत होतं. तो जेवाले जायचा. तरी म्या हाका मारल्या, एखादे वेळी तो लवकर परत येईन म्हनून."

मग तुझ्या बापानं गोटूलात काऊन नाई सांगतलं, मी विचारलं.

"तुम्ही सांगान, असं वाटलं त्याले."

 डॉक्टरसमोर त्यानं हे सांगतलं असतं तर माझी नोकरी गेली असती. प्र. तेव्हा आठवीत होती. त्याले हेही माहीत होतं, आमच्याकडं जेवला होता तो, तिच्या अभ्यासाच्या वह्या बघितल्या होत्या.

७ जून

उद्या सकाळची गाडी. पाऊस कधीही लागन, मग तिकडं जाणं कठीण, म्हणून एक दिवस आधी. रोजनिशी घेतली. छापील कागद घेतला नाई, त्याचं तिथं काम नाई.

प्र. येते म्हणाली. या वेळी नाई म्हणलं नाई. ती मागं बसणार न मी बोलणार, असं ठरलं. वाक्य पाठ करून राह्यलो. मैनीकडून फोनवर माडियातही शिकून घेतलं, म्हणजे जुरूबाईले मधे कोणी नको. छोटं आहे. सेट मी बंद केला, जेवायले गेलो, पुसू बोलत होता.

आरशासमोर चारदा म्हणलं. तीनदा निघालं. चौथ्यांदा "बंद केला"पाशी अडकलो. प्र. दारात उभी होती, ती म्हणाली, पुन्हा म्हणा.